मोटरहोमची स्लाइड अडकली? मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ज्यांच्या गाडीची एक बाजू बटण दाबलं की बाहेर सरकते आणि आत खोली मोठी होते, त्यांच्यासाठी हे पान. त्या सरकत्या भागाला स्लाइड म्हणतात, खाली नुसतं खोली म्हणालो तरी तीच. मोटरहोम असो, भाड्याची कॅरॅव्हॅन असो, शूटिंगची व्हॅनिटी असो, नाहीतर प्रचाराची किंवा फिरत्या दवाखान्याची गाडी. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, तवापासून वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्याला अशा गाड्या जास्त दिसायला लागल्यात, पण स्लाइड अडकली तर बघणारा माणूस जवळपास सापडत नाही. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकलं. घाईत असाल तर पहिले तीन प्रश्न वाचा आणि बाकीचं गाडी मार्गी लागल्यावर.

स्लाइड अर्ध्यात अडकलीय, आत्ताच्या आत्ता काय करू?

बटणावरचं बोट काढा. खरंच, बाकीचं नंतर.

अडकलेल्या मोटरला करंट देत राहिलं की ती फिरत तर नाहीच, पण सगळी ताकद गरम होण्यात जाते, त्यात ब्रेकर (जास्त करंट गेला की वायर तोडणारा स्विच) ट्रिप होतो, बॅटरी अजून खाली बसते, आणि एक बाजू थोडी थोडी सरकत असेल तर प्रत्येक वेळी खोली अजून तिरकी होत जाते. मी बघितलेल्या गाड्यांत मूळ दोष बारीकच असतो, मोठं काम निघतं ते नंतर दहा जणांनी दहा वेळा बटण दाबल्यामुळं. पाच-दहा मिनिटं थांबा, मोटर आणि ब्रेकर थंड होऊ द्या, तोवर गाडीभोवती आणि आत एक चक्कर मारा.

आत बघायचं ते खाली वाकून. चप्पल, पाण्याची बाटली, पोराचं खेळणं, अर्धवट उघडा ड्रॉवर, कपाटाचं दार, मागं सरकवलेली खुर्ची. बाहेर बघायचं तर बाभळीची फांदी, कंपाउंडची भिंत, वर गुंडाळलेली छत्री. यातलं काही सापडलं तर स्लाइड आधी उलट्या दिशेला बोटभर न्या, वस्तू काढा, मग पुढं जा.

नुसत्या आवाजावरून काही कळतं का?

लई कळतं. निम्मं निदान कानानंच होतं. एक माणूस बटणावर ठेवा, दुसऱ्यानं मोटरजवळ कान लावा, आणि बटण फक्त एक-दोन सेकंद दाबा.

काहीच आवाज नाही, टिक सुद्धा नाही, तर फ्यूज, ब्रेकर, स्विच किंवा इंटरलॉक (हँडब्रेक किंवा चावीची अट पुरी झाल्याशिवाय करंट न सोडणारी जोडणी). टिक होतंय पण मोटर गप्प, तर रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) काम करायलाय पण पुढं ताकद पोचत नाही, म्हणजे बॅटरी, अर्थिंग (करंटचा बॅटरीकडं परतीचा रस्ता), रिलेचे कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे). मोटर मस्त फिरायलीय पण खोली हलत नाही, तर पिन तुटली, गिअर घासला किंवा ब्रेकचा लिव्हर सोडलेल्या जागी राहिला. मोटर कण्हायलीय, लाइट मंद व्हायलेत, तर एकतर व्होल्टेज कमी आहे नाहीतर खोली खरोखर कुठंतरी अडलीय. आणि एक बाजू जाते दुसरी राहते, तर त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

सगळं ठीक दिसतंय, पण बटणाला काहीच रिस्पॉन्स नाही.

हँडब्रेक ओढलाय का ते बघा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक लावल्याशिवाय स्लाइडला करंटच जात नाही, काहींत चावी बंद लागते, काहींत उलट चालू लागते. हे बनवणाऱ्यावर असतं, म्हणून गाडी घेतानाच विचारून घ्या आणि स्विचच्या बाजूला स्टिकर लावून टाका. दुसरं म्हणजे ट्रॅव्हल लॉक. प्रवासात खोली बाहेर येऊ नये म्हणून आतून रॉड किंवा पट्टी लावलेली असते, ती काढायची राहते आणि मोटर बिचारी त्या लोखंडाशी भांडत बसते. लॉक लावलेला असताना कुणी बटण दाबलं असेल तर लॉकची पट्टी वाकलीय का तेही बघा, कारण वाकलेली पट्टी काढल्यावरही भिंतीला घासत राहते.

ब्रेकर बहुतेक आपोआप परत चालू होणारा असतो, बॅटरीजवळच्या डब्यात. तो थंड झाला की जोडतो. सारखा ट्रिप होत असेल तर मोठा ब्रेकर बसवायचा नाही. तो वायर वाचवायला बसवलेला आहे, मोठा बसवला तर ब्रेकरच्या जागी वायर जळेल, ती पण प्लायच्या मागं.

लाइट चालतात, टीव्ही चालतो, मग स्लाइडच काहून चालत नाही?

एलईडी लाइट आणि टीव्हीला मिळून चार-पाच अँपिअर पुरतात. स्लाइडची मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि सुरुवातीच्या झटक्याला अजून जास्त. त्यामुळं अर्धमेली बॅटरी लाइट आरामात लावते आणि स्लाइडला मान टाकते.

मल्टीमीटर घ्या. आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि हे पान वाचून एकच वस्तू घेणार असाल तर तीच घ्या. शिसं-आम्लाची बॅटरी शांत पडलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. पण खरी परीक्षा बटण दाबल्यावर. दाबलं की साडेदहाच्या खाली जात असेल तर बॅटरी गेलेली आहे नाहीतर टर्मिनल खराब आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, तारेच्या ब्रशनं घासा, मग आवळा. हे करूनच निम्मे लोक परत फोन करत नाहीत.

लगेच स्लाइड आत घ्यायची असेल तर इंजिन चालू करा किंवा चार्जर लावा, व्होल्टेज साडेतेराच्या वर गेलं की बघा. इंजिन चालू असताना इंटरलॉक अडवत असेल तर चार्जरच लागेल.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की बॅटरीचं पाणी झपाट्यानं आटतं आणि तिचं आयुष्य कमी होतं. गाडी उन्हाळाभर पत्र्याच्या शेडात उभी राहिली आणि जूनमध्ये पहिल्या ट्रिपला स्लाइड अडकली, असं झालं की मी आधी पाण्याची पातळी विचारतो.

आमची बस चेसिसची गाडी आहे, २४ व्होल्टची. स्लाइडची मोटर १२ ची. त्यानं काही होतं का?

होतं, आणि हा प्रश्न लोक फार कमी विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्या बस-ट्रकच्या चेसिसवर १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ केलेले असतात. बाहेरून आणलेल्या स्लाइडच्या मोटरी बहुतेक १२ च्या. आता बॉडी बांधणारा वायरमन काय करतो, तर दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढतो, बॉडीला अर्थ धरतो, मिळाले १२ व्होल्ट. पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं.

पण स्लाइड, पंप, पंखे सगळे त्या एकाच खालच्या बॅटरीवर. ती उतरते, दुसरी तशीच भरलेली. अल्टरनेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते, तो अठ्ठावीस-एक व्होल्ट देऊन मोकळा होतो, मग भरलेली बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळून टाकते आणि उतरलेली कधीच पूर्ण भरत नाही. काही महिन्यांनी दोन्ही खराब. गाडीचा सेल्फ पण मरायला लागतो आणि स्लाइड पण अर्ध्यात थांबायला लागते, आणि लोक स्लाइडची मोटर बदलून बसतात. तपासायला सोपं आहे. दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एक पावणेतेराच्या घरात आणि दुसरी बाराच्याही खाली दिसली की समजून जा.

उपाय म्हणजे घराच्या कामाला वेगळी १२ ची बॅटरी आणि ती भरायला २४ वरून १२ करणारा चार्जर. मधल्या जोडावरूनच चालवायचं असेल तर निदान बॅटरी इक्वलायझर (दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या ठेवणारं यंत्र) लावा. गाण्याच्या टेपसाठी लावलेल्या छोट्या कन्व्हर्टरवर स्लाइड जोडू नका, तो पहिल्या झटक्यालाच बंद पडतो.

आणि रस्त्यात बॅटरी उतरली तर १२ च्या मोटरला ट्रकवाल्याचे २४ व्होल्ट देऊ नका, जीपची किंवा ट्रॅक्टरची १२ ची बॅटरी जोडा. कंट्रोलर बोर्ड एकदा उडाला की तो इथं मिळत नाही.

अर्थिंग खराब आहे हे कसं ओळखायचं?

मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मोटरच्या निगेटिव्ह वायरला किंवा बॉडी अर्थवर असेल तर मोटरच्या अंगाला, आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर परतीच्या रस्त्यात अडथळा आहे. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूलाही करता येतं. बॅटरीवर १२ आणि मोटरवर ९ असेल तर मधले ३ कुठंतरी वायरीत, रिलेत किंवा जोडात जळायलेत.

एका प्रचाराच्या गाडीत स्लाइड फक्त दुपारी अडकायची. सकाळी चालू, रात्री चालू. खाली झोपून वायर हातानं चाचपत गेलं तर मागच्या चाकाच्या वर एक जोड भलताच गरम लागला. काळी टेप उलगडली, तर डिंक वितळून बोटाला चिकटायला लागला आणि आत दोन जाड वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, तांबं हिरवं पडलेलं, पाच-सहाच तारा धरून होत्या. चाकाचा चिखल रोज त्यावर उडत होता. तिथं लग्ज (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) क्रिम्प म्हणजे दाबून घट्ट करून, वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवून, वायर चाकापासून लांब घेतली, संपला विषय. पिळलेला जोड म्युझिक सिस्टीमला चालतो, स्लाइडला नाही.

गाडी शेतात लावली होती, पाऊस झाला, आता स्लाइड आत जात नाही.

काळी माती. याच्याइतकं कारण मराठवाड्यात दुसरं नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते, वाळली की भेगा पडतात. वर कोरडी दिसते म्हणून गाडी लावतो, रात्री सर येते आणि सकाळी एक चाक चार बोटं खाली. चार बोटांनी काय होतंय वाटतं, पण चेसिस लांब असते आणि एक कोपरा खाली गेला की सगळी बॉडी पिळली जाते. स्लाइडचं भोक चौकोनी राहत नाही, खोली मात्र चौकोनीच असते. मग वरच्या कोपऱ्यात घासते आणि मोटर थांबते.

तुळजापूरला नवरात्रात वाहनतळावर लावलेली एक कॅरॅव्हॅन अशीच अडकली होती. ड्रायव्हर आणि मालक मिळून खोलीला बाहेरून खांदा लावून ढकलत होते, आतून सून ओरडतेय की दादा वरून प्लाय तडकायलाय. मागचं डावं चाक चिखलात रुतलेलं स्पष्ट दिसत होतं. जॅकखाली जाड फळी टाकली (नुसता जॅक मातीत जातो), गाडी उचलली, चाकाखाली विटा न टाकता फळ्याच टाकल्या कारण विटा फुटतात, स्पिरिट लेव्हलवर बुडबुडा मध्ये आला, आणि मग बटण दाबलं तर खोली गपगुमान आत गेली.

म्हणून आधी लेव्हल बघा. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं, जेवणाच्या टेबलावर ठेवून बघितलं तरी पुरे. जॅकवर गाडी घेतलेली असताना खाली कुणी जायचं नाही. आणि मुरूम टाकलेली जागा किंवा पेट्रोल पंपाचं काँक्रीट मिळत असेल तर शंभर रुपये जास्त देऊन तिथंच लावा. जॅक आधी की स्लाइड आधी, हा क्रम गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. बहुतेक ठिकाणी आधी लेव्हल मग स्लाइड, पण सगळ्यांचं सारखं नाही, तेव्हा पुस्तक बघा.

आमच्या गाडीत कुठली सिस्टीम आहे हे कसं कळणार?

खाली वाकून बघा. खोलीच्या खाली दात असलेली लोखंडी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं चाक दिसलं तर रॅक-पिनियन. खाली काहीच नाही, पण खोलीच्या दोन्ही बाजूच्या भिंतींत वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे दातेरी ट्रॅक असतील तर इन-वॉल सिस्टीम, तिला श्विन्टेक म्हणतात, तिला दोन बाजूला दोन छोट्या मोटरी असतात. कोपऱ्यांवर स्टीलच्या बारीक केबल दिसल्या तर केबलवाली. तेलाच्या नळ्या आणि सिलिंडर दिसले तर हायड्रॉलिक. आपल्याकडं बॉडी बांधणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या स्लाइड असतात त्यात चॅनेल, बेअरिंग आणि गिअर मोटर किंवा पॉवर पॅक (तेलाचा पंप, मोटर आणि टाकी एकत्र) असा मेळ असतो, तत्त्व तेच.

मोटर फिरायलीय, आवाज येतोय, खोली जागची हलत नाही.

रॅक-पिनियनमध्ये मोटर आणि शाफ्टच्या मध्ये एक शिअर पिन किंवा बोल्ट असतो. तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, खोली अडली तर गिअर तुटण्याआधी तो तुटावा म्हणून. मोटर फिरते, शाफ्ट फिरत नाही, म्हणजे तोच. शाफ्टवर खडूनं रेघ मारा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा, रेघ हलली नाही तर खात्री झाली.

नवा बोल्ट टाकताना त्याच मापाचा आणि त्याच ग्रेडचा टाका. इथं लोकांची सवय अशी की तुटला ना, मग जास्त कडक टाक. हाय टेन्साइल बोल्ट टाकला की पुढच्या वेळी बोल्ट तुटणार नाही, गिअरबॉक्स फुटेल. आणि पिन का तुटली तेही शोधा, ती उगाच तुटत नाही.

पिन शाबूत असेल तर मोटरच्या मागचा ब्रेक लिव्हर बघा. हातानं खोली सरकवायला तो सोडतात आणि परत लावायचं विसरतात.

एक बाजू आत गेली, दुसरी बाहेरच. आता?

जुन्या कपाटाचा ड्रॉवर एका कोपऱ्यानं ओढला की जसा आवळतो, तसं झालंय. जोर लावाल तितकं जास्त आवळेल.

आतून मोजायचा टेप लावून दोन्ही बाजूंना भिंतीपासून खोलीच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि लिहून ठेवा, नजरेवर भरवसा नको. मग उलट्या दिशेनं थोडं थोडं न्या. इन-वॉल सिस्टीमला दोन मोटरी एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात, त्यासाठी खोली पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत जाईपर्यंत बटण धरून ठेवायचं, दोन्ही मोटरी स्वतःहून थांबेपर्यंत. लोक खोली टेकली की लगेच बटण सोडतात आणि दरवेळी थोडा थोडा फरक साठत जातो. वर बोट काढा म्हणालो ते अडकलेल्या खोलीबद्दल, चालू खोलीला बटण शेवटपर्यंत धरायचंच.

रॅक-पिनियनमध्ये एक बाजू राहिली तर मधल्या शाफ्टचा कपलिंग बोल्ट त्या बाजूला तुटलेला असतो, किंवा पिनियननं दात सोडलेला असतो. तो दात परत जुळवायला खोलीचं वजन जॅकवर घ्यावं लागतं, हे काम एकट्यानं करू नका.

श्विन्टेकच्या कंट्रोलरवर लाल लाइट लुकलुकायलाय, त्याचा अर्थ काय?

लाल किती वेळा लुकलुकतो ते मोजा, हिरवा कुठली मोटर ते सांगतो. दोनदा किंवा तीनदा म्हणजे व्होल्टेज खाली गेलं, चारदा म्हणजे जास्त आलं (२४ वाल्यांनी इथं लक्ष द्यावं). पाचदा म्हणजे मोटर फार करंट ओढायलीय, कुठंतरी अडलंय. सहादा म्हणजे मोटर शॉर्ट. आठदा म्हणजे मोटरचा सेन्सर सिग्नल येत नाही, बहुतेकदा वायर तुटलेली किंवा प्लग निघालेला.

दोष लगेच काढता येत नसेल आणि खोली आत घ्यायचीच असेल तर ओव्हरराइड आहे. कंट्रोलरवरचं मोड बटण सहा वेळा दाबून सोडा, सातव्या वेळी दाबून पाच सेकंदांच्या आसपास धरा, लाल आणि हिरवा दोन्ही लुकलुकले की सोडा. मग भिंतीवरच्या स्विचनं खोली आत घ्या. पण या मोडमध्ये मोटरी एकमेकींकडं बघत नाहीत आणि अडल्यावर स्वतः थांबतही नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा आणि तिरकी व्हायला लागली की ओरडायला सांगा.

हायड्रॉलिक स्लाइड मध्येच थांबते, पंपाचा आवाज तर येतो.

तेल बघा. तेल नेहमी सगळ्या स्लाइड आणि जॅक आत असताना मोजायचं. बाहेर असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, टाकी कमी दिसते, तुम्ही वरून भरता आणि खोली आत घेतली की टाकीच्या तोंडातून सगळं बाहेर. तेल कुठलं ते टाकीवर किंवा पुस्तकात बघा. अमेरिकन पंपांना बहुतेक ऑटोमॅटिक गिअरचं तेल लागतं, इथं बसवलेल्या पॉवर पॅकला साधं हायड्रॉलिक तेल. मिसळू नका.

तेल ठीक असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (करंट मिळाला की उघडणारी तेलाची झडप) उघडतोय का, हातानं उघडायचा व्हॉल्व्ह कुणी उघडा तर ठेवला नाही ना, हे बघा. खोली आत राहते पण प्रवासात हळूहळू बाहेर सरकते तर सिलिंडरची सील किंवा चेक व्हॉल्व्ह (तेल उलटं जाऊ न देणारी झडप) गेलाय. सील किट जेसीबीवाल्यांकडं मापानं मिळून जातं, नळ्या सुद्धा तेच क्रिम्प करून देतात. वाळूज, चिकलठाणा, जालना इथं ही कामं रोजची आहेत.

गळती शोधताना नळीवरून हात फिरवायचा नाही. पुठ्ठा फिरवा. प्रेशरखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीच्या आत घुसतं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, पण आतून मांस सडतं. तसं झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरला सांगा की हायड्रॉलिक तेल आत गेलंय.

केबलवाल्याचं काय?

एखादी केबल तुटली किंवा सैल झाली तर तो कोपरा मागं राहतो. तारा उसवलेल्या दिसल्या तरी केबल बदलायची वेळ झाली. ताण नट फिरवून जुळवतात, अर्धा-अर्धा फेरा, लगेच चार फेरे नाही. तुटलेली केबल असताना मोटर चालवू नका, ती गुंडाळीत अडकून बाकीच्या तोडते. हातमोजे घाला, सुटी तार हात कापते.

हातानं कशी आत घ्यायची?

रॅक-पिनियनला मोटरच्या मागं किंवा शाफ्टच्या टोकाला नट असतो, बहुतेक १९ चा गोटी पाना लागतो. ब्रेक लिव्हर सोडा, रॅचेटनं फिरवा, हात दुखला तर ड्रिल लावा पण सगळ्यात कमी स्पीडवर. खोली आत आली की ब्रेक परत लावा.

इन-वॉल असेल तर दोन्ही मोटरींचे प्लग काढा, मग चार माणसं. ढकलायचं ते खोलीच्या दोन्ही कडांना, खालच्या अर्ध्या भागात, मध्ये किंवा खिडकीवर नाही, मधला पत्रा आत दबतो. दोन्ही बाजूंनी एकदम, थोडं थोडं, एकानं आकडे मोजायचे. प्लग काढूनही हलत नसेल तर बळ नको, मोटर उतरवावी लागेल.

पोरं आणि जनावरं लांब. खोली आणि भिंतीच्या फटीत बोट घालून बघायचं नाही की अडकलंय कुठं, टॉर्च मारा. आत आल्यावर ट्रॅव्हल लॉक लावा, लॉक नसेल तर आतून लाकडी दांडा समोरच्या मजबूत भिंतीला टेकवून घट्ट बसवा.

थोडीशीच बाहेर आहे, अर्धा फूट. तशीच हळूहळू वर्कशॉपपर्यंत नेऊ का?

नाही. नियमात गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर चालत नाही आणि बऱ्याच गाड्या आधीच त्या मापाच्या जवळ असतात. पण दंड राहू द्या बाजूला, समोरून उसाची ट्रॉली आली तर? हातानं आत घ्या, नाहीतर मिस्त्रीला गाडीकडं आणा.

रबराला आणि ट्रॅकला काय लावायचं? आमचा ड्रायव्हर ग्रीस लावतो.

त्याला थांबवा. ग्रीस, जुनं इंजिन ऑइल, डिझेल यातलं काहीच रबराला लावायचं नाही, रबर फुगतं आणि चिकट होतं. ट्रॅकला ग्रीस लावलं तर आपल्या धुळीत दोन दिवसांत त्याची कानस तयार होते. जिनिंगच्या बाजूला गाडी उभी असेल तर वरून कापसाचा भुगा पण बसतो. ट्रॅक आधी ब्रशनं आणि हवेनं साफ करा, मग कोरडा टेफ्लॉन स्प्रे. रबराला सिलिकॉन स्प्रे, आधी ओल्या फडक्यानं धूळ पुसून. उन्हाळ्यात बंद उभ्या गाडीचं रबर पत्र्याला चिकटतं आणि पहिल्या वेळी उघडताना फाटतं, म्हणून महिन्यातून एकदा तरी स्लाइड बाहेर काढून आत घ्या.

पावसाळ्यातच अडकते, बाकी वर्षभर काही नाही.

प्लाय फुगलेला असणार. खोलीच्या तळाची कड, विशेष करून बाहेरचे दोन कोपरे, नखानं दाबून बघा. मऊ लागलं तर पाणी शिरलंय आणि खालचा रोलर त्या फुगवट्यावर चढायलाय. रंधा मारून तात्पुरतं चालतं, पण पाणी कुठून येतंय ते आधी बंद करा. बहुतेक वेळा वरच्या रबराच्या कोपऱ्यातून येतं. स्लाइड आत घेण्याआधी तिच्या छतावरचं पाणी आणि पाला झाडूनं काढा, नाहीतर ते सगळं आत येतं. नवीन तळ टाकायचाच असेल तर मरिन प्लाय आणि कडांना इपॉक्सी.

उंदीर वायर कुरतडतात, त्याला काय करू?

लोखंडी जाळी, वायरीला कंड्युइट, आणि गाडीत ज्वारीचं पोतं ठेवू नका. गांधीलमाश्या पण स्लाइडच्या वरच्या फटीत पोळं करतात, महिनाभर उभी गाडी उघडताना आधी वर बघा.

मिस्त्री कुठला बोलवायचा? स्लाइडवाला कुणी नाहीच इथं.

स्लाइडवाला शोधूच नका, दोष कशाचा ते ओळखा आणि त्या कामाचा माणूस धरा. वायरिंग आणि मोटरचे कार्बन ऑटो इलेक्ट्रिशियनकडं. सिलिंडर, नळी, पंप जेसीबीवाल्याकडं. पिन, बुश, शाफ्ट लेथवाल्याकडं, पण त्याला जुना तुकडा नमुन्याला द्या आणि पिन जुन्याच ग्रेडची कर, जास्त कडक नको असं सांगा. चॅनेल वाकलं असेल तर बॉडी बांधणारा. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची केबल आणि कंट्रोलरचे प्लग काढून घ्या, आणि वेल्डिंगवाला कितीही म्हणाला काही होत नाही तरी काढाच. मोटरवर हातोडी मारू देऊ नका, आतले चुंबक तडकतात. कार्बन चिकटले असतील तर पेचकसच्या मुठीनं हलकं ठोकलं तरी पुरतं.

जुन्या बसला नवीन स्लाइड बसवून घ्यायचीय, कुठून सुरुवात करू?

आरटीओपासून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. कागद झाल्याशिवाय कटर लावू नका. बसची बाजूची भिंत म्हणजे नुसता पत्रा नसतो, तिच्यातले खांब छताचं वजन धरतात, तिथं सहा-सात फुटांचं भोक पाडलं की वरून-खालून तेवढीच ताकद परत द्यावी लागते. नाही दिली तर गाडी पहिल्या स्पीड ब्रेकरवरच पिळायला लागते, आणि मग वर लिहिलेल्या काळ्या मातीची पण गरज पडत नाही, डांबरावर सुद्धा स्लाइड अडकते. बांधणाऱ्याला दोन गोष्टी आधीच लिहून मागा. मोटरपर्यंत हात जाईल असं झाकण, आणि हातानं आत घेता येईल असा नट बाहेरून पोचेल अशा जागी. लई ठिकाणी मोटर सोफ्याच्या खाली प्लायनं बंद करून टाकलेली असते, आणि स्लाइड अडकली की आधी सोफा फोडावा लागतो.